मदत हवी: आठवडाभर शाळा बंद, पाचवीचा वर्ग आणि घरात एकच मोबाईल

पाचवी_ब: नमस्कार. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात पाचवीला शिकवते. पट ३१. वर्गखोल्यांचे पत्रे बदलायचे आहेत, म्हणून सोमवार ते शनिवार पोरं घरी. वरून निरोप आला, 'ऑनलाईन घ्या'. एवढाच.

अडचण अशी की कापूस वेचणीचे दिवस आहेत. शाळा नाही म्हटल्यावर पोरं सकाळीच आईबरोबर वावरात निघणार आणि मोबाईल बापाच्या खिशात. रविवारी सकाळी अकराला चाचणी म्हणून गूगल मीट लावून पाहिली. सात पोरं आली. त्यातली दोन भावंडं एका मोबाईलवर भांडत होती, एकाचा कॅमेरा पूर्णवेळ पंख्यावर. एकाच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, तर आजी लाईनवर: "पोऱ्या वावरमा गया, बाई. मोबाईल बापजोडे शे."

दशांश अपूर्णांक नुकते सुरू केलेत. आठवडा मोडला तर पुन्हा पहिल्यापासून. 'दीक्षा' या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ पाठवू, की स्वतः शिकवू? वेळ कोणती धरू?

धुळेकर_सर: मॅडम, सहा तासिका ऑनलाईन घ्यायला कोणी सांगितलं, तर ऑनलाईन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचना पुढे करा. पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची. तुम्ही एकच घ्या, रात्री साडेसातला. तोवर बाप घरी आलेला असतो. झूम फुकटात ४० मिनिटांनी आपोआप तोडतं, ते एका अर्थी बरंच आहे.

एरंडोलचा_बाप: मी पालक म्हणून सांगतो, व्हिडिओ नका पाठवू. आमचा रोजचा डेटा दुपारीच संपलेला असतो. दीड मिनिटाचा आवाज पाठवा. माझी पोरगी जेवण झाल्यावर तो दोनदा ऐकते, मध्येच थांबवून वहीत लिहिते. पुस्तक नसलं तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते, पण ती लहान स्क्रीनवर वाचायला सांगू नका, डोळे जातात.

शिरपूरची_बाई: ताई, दशांश तर अंगणातच पडलेत. संध्याकाळी कापूस तोलतात तेव्हा पोरं काट्याजवळ असतातच. वजन वहीत लिहायला लावा. माझ्या वर्गात हमखास होणारी चूक सांगते: बारा किलो पन्नास ग्रॅम हे १२.५ लिहितात. ते तर साडेबारा किलो झालं! बरोबर आहे १२.०५. मग उलटं विचारा, साडेबारा किलो वेचलं आणि हिशेबात १२.०५ मांडलं, तर आईचं किती गेलं? ४५० ग्रॅम. मजुरी किलोवर असते, त्यामुळे शून्याची किंमत त्यांना लगेच कळते.

पाचवी_ब: कल्पना आवडली, पण मन कचरतं. यानं आपणच पोरांना वेचणीला धाडल्यासारखं नाही होणार?

शिरपूरची_बाई: रास्त शंका. म्हणून मी वजन आईचंच लिहायला सांगते, पोराचं कधीच नाही. आणि सकाळचं एक काम असं देते की पोराला घरीच थांबावं लागेल. दर तासाला अंगणातल्या काठीची सावली मोजणं, हे वावरातून जमत नाही. जी थांबणार नाहीत ती तरीही थांबणार नाहीत, हेही खरं.

पाचवी_ब: बुधवार रात्र. साडेसातच्या तासाला काल १९, आज २२. वह्यांचे फोटो येतात, पिवळ्या बल्बखाली, अर्ध्या गणितावर अंगठा. तरी एवढं दिसलं की १२.०५ ऐवजी १२.५ लिहिण्याची चूक १४ जणांनी केलीच होती. आता पुन्हा आवाज पाठवलाय.

मराठीला आजीकडून भरताची कृती अहिराणीत ऐकून प्रमाण मराठीत लिहायला सांगितली. एकानं आजीचाच आवाज पाठवून दिला. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची की तुराट्यांवर, यावर मागे आजोबांचा वाद चालू. तो मी तीनदा ऐकला.

आता एक उरलंय. चार पोरं सोमवारपासून कुठेच नाहीत, ना तासाला, ना गटावर. घर लांब, वस्तीवर. शनिवारी छापील कागद घेऊन जाऊ म्हणते. एका कागदावर किती गणितं द्यावीत की पोर तो बाजूला टाकणार नाही?