बाळाच्या हृदयाचा फीटल एको सांगितलाय: कुठे करावा, पुढे काय? सल्ला हवा

शर्वरी_लातूर
नमस्कार. मला २१वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. परवा लातूरला ॲनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट आहेत का ते बघणारी सोनोग्राफी) झाला. बाकी सगळं ठीक आहे. हृदयाबद्दल मात्र डॉक्टरांनी लिहिलंय की चारही कप्पे दिसतात, पण हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जाताना दिसत नाहीत, समांतर वाटतात. "फीटल एको लगेच करून घ्या," म्हणाले आणि चिठ्ठी दिली.

घरात सगळेच घाबरलेत. सासूबाईंचं म्हणणं, बाळ अजून वाढतंय, महिन्याभराने परत बघू. मला थांबवत नाहीये. हा एको कोणाकडे करावा? सोलापूर चालेल की पुणं गाठावं? नेहमीच्या सोनोग्राफीहून त्यात वेगळं काय असतं, बाळाला त्रास होतो का? आणि खरंच काही निघालं तर पोटात असतानाच उपचार होतात का? बाळंतपण माहेरी, उदगीरला करायचं ठरलंय, सातव्या महिन्यात जाणार आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

रानवारा
शर्वरी, महिनाभर अजिबात थांबू नकोस. याच आठवड्यात कर.

माझ्या मुलाच्या वेळी स्कॅनचा रिपोर्ट नॉर्मल होता. बाळंतपण तालुक्याच्या गावी झालं, वजन छान, रडला छान. दुसऱ्या दिवशी ओठ आणि नखं निळसर दिसायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं थंडी वाजत असेल. मग ऑक्सिजन लावला तरी रंग बदलेना. ॲम्ब्युलन्समध्ये घालून रात्रीतून शहरात नेला, तेव्हा कळलं की हृदयाचा विकार आहे. माझं पोट शिवलेलं, मी मागेच राहिले होते. मुलगा वाचला, आज शाळेत जातो. पण त्या प्रवासात तो किती खालावला होता हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तुला आज जे कळतंय ते मला तेव्हा कळलं असतं तर मी त्या गावात बाळंत झालेच नसते.

स्पंदन_पुणे
मी बालहृदयरोगतज्ज्ञ आहे. रिपोर्ट न पाहता इथे निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नांची उत्तरं देता येतील.

पहिलं म्हणजे, तुमच्या लातूरच्या डॉक्टरांनी फार मोलाचं काम केलंय. नुसते चार कप्पे पाहून 'हृदय नॉर्मल' लिहिलेले रिपोर्ट अजूनही माझ्याकडे येतात. टीजीए नावाच्या विकारात, म्हणजे दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते तेव्हा, चारही कप्पे अगदी व्यवस्थित दिसू शकतात. गडबड असते ती त्यांच्या वर, रक्तवाहिन्या जिथून निघतात तिथे. महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी एकमेकींना ओलांडून गेल्या पाहिजेत. त्या समांतर गेल्या तर शंका घ्यायची, आणि ती त्यांनी घेतली.

ॲनॉमली स्कॅन सगळ्या बाळाचा असतो, फीटल एको फक्त हृदयाचा. यंत्र सोनोग्राफीचंच, पोटावरूनच करतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, बाळाला त्रास नाही. झडपा, पडदे, रक्तवाहिन्या, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा, ठोक्यांची लय, रक्त कोणत्या दिशेने वाहतंय, हे सगळं एकेक करून बघतात, त्यामुळे वेळ लागतो. बाळाची पाठ वर आली असेल तर थोडं चालून यायला सांगतील.

कोणाकडे? बालहृदयरोगतज्ज्ञ किंवा फीटल मेडिसिनचे डॉक्टर, जे हे काम रोज करतात. सोलापुरात असं कोणी असेल तर तिथे जरूर करा. पण एकदा शंका आल्यावर दुसरा एको अशा ठिकाणी व्हावा जिथे नवजात बाळाची हृदयशस्त्रक्रियाही होते, कारण पुढचं सगळं नियोजन तीच मंडळी करणार असतात. म्हणून पुणे किंवा मुंबई.

सासूबाईंना सांगा की बाळ वाढेल, पण हृदयाची घडण पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच पूर्ण झालेली असते. महिन्याने चित्र मोठं दिसेल, रक्तवाहिन्या जागा बदलणार नाहीत.

भीमाकाठ
मी हे सगळं माझ्या भाचीसाठी केलंय, म्हणून कागदांचं सांगतो. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार आणि आधीचे सगळे रिपोर्ट न्या, शक्य असेल तर स्कॅनची सीडीसुद्धा. तिथे फॉर्म एफ भरून घेतात, पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याप्रमाणे तो प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला लागतो.

खर्चाचं घाबरून मागे हटू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया आहेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याला आत्ताच भेटा आणि विचारा की नवजात बाळाचं नाव रेशनकार्डावर नसताना कोणते कागद चालतात. हे बाळंतपणानंतर धावपळीत विचारायची गोष्ट नाही. दुसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला, त्यात जन्मजात हृदयविकार येतो. अंगणवाडीताई किंवा आशाताईमार्फत, नाहीतर सिव्हिलमधल्या डीईआयसीत (मुलांच्या तपासणी-उपचाराच्या केंद्रात) जाऊन नोंद करता येते. तिसरं, नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनीचं केंद्र आहे, तिथे मुलांच्या जन्मजात हृदयविकाराचे उपचार पूर्ण मोफत होतात. पण अगदी काही दिवसांच्या बाळाची तातडीची केस घेता येते का, हे त्यांना आधी फोन करून विचारा.

खासगी विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत बाळाला पहिले ९० दिवस संरक्षण नसतं.

मुक्ता_नाशिक
शर्वरीताई, धीर धरा. डॉक्टर, याच धाग्यावर विचारते, माझ्या रिपोर्टमध्ये "डाव्या कप्प्यात पांढरा ठिपका" लिहिलंय. हाही विकार का? शिवाय मला मधुमेह आहे, लग्नाआधीपासून.

स्पंदन_पुणे
पांढरा ठिपका हा हृदयविकार नाही. झडपेला धरणाऱ्या स्नायूत कॅल्शियमचा कण चमकतो, इतकंच. बाकी स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या ठीक असतील तर तो विसरून जा. तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे तो मधुमेह. गरोदरपणाआधीपासून साखर असेल तर फीटल एको करायलाच हवा, ठिपका असो वा नसो.

इतर कोणी करावा: आई, वडील किंवा आधीच्या मुलाला जन्मजात हृदयविकार असेल तर, एनटी स्कॅनमध्ये मानेमागची जाडी जास्त आली असेल तर, आयव्हीएफ, एकाच वारेवरची जुळी, जवळच्या नात्यातलं लग्न, आईला ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) किंवा रक्तात अँटी-आरओ अँटिबॉडी, फिटच्या किंवा लिथियमसारख्या गोळ्या. पण हेही लक्षात घ्या की विकार असलेली बहुतेक बाळं अशा आयांच्या पोटी जन्मतात ज्यांना यातलं काहीच नसतं. दर १०० जन्मांमागे साधारण एका बाळाला हृदयाचा काही ना काही दोष असतो. म्हणून प्रत्येकीच्या साध्या स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या बघितल्या गेल्याच पाहिजेत.

मनस्वी_लीड्स
इथे इंग्लंडमध्ये १८ ते २१ आठवड्यांच्या दरम्यान सगळ्यांनाच हा स्कॅन देतात आणि हृदयाच्या ठरलेल्या पाचेक प्रतिमा घ्याव्याच लागतात. रक्तवाहिन्या दिसल्या नाहीत तर पुन्हा बोलावतात. आपल्याकडेही रिपोर्ट हातात घेताना "आउटफ्लो ट्रॅक्ट, म्हणजे हृदयातून रक्तवाहिन्या निघतात त्या वाटा, पाहिले का?" एवढं विचारायला काय हरकत आहे?

शर्वरी_लातूर
पुण्यात एको झाला. टीजीए आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र नाही. बाकी रचना ठीक आहे म्हणाले. डॉक्टर खूप वेळ बोलले, पण खरं सांगते, मला अर्धंच ऐकू आलं. गर्भपाताच्या कायद्याबद्दलही त्यांनी सांगितलं. आम्हाला बाळ हवंय. दोघांचं ठरलंय.

आता विचारते. पोटातच काही करता येत नाही का? एम्समध्ये पोटातल्या बाळाच्या हृदयावर उपचार केल्याची बातमी नवऱ्याने वाचली होती. आणि सिझेरियनच करावं लागेल का?

स्पंदन_पुणे
शर्वरी, ती बातमी खरी आहे. २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्सने २८ वर्षांच्या गरोदर आईच्या पोटातून सुई घालून बाळाच्या हृदयाची अरुंद झडप फुग्याने उघडली होती. असा उपचार मोजक्याच विकारांत करतात, जिथे झडप बंद राहिली तर कप्पा खुरटतो आणि जन्मापर्यंत तो कामातून जातो. पोटातल्या उपचाराचा दुसरा प्रकार औषधांचा. बाळाचे ठोके मिनिटाला २०० च्या वर पळत असतील तर आईला डिगॉक्सिन, फ्लेकेनाइड यांसारखी औषधं देतात, ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि लय ताळ्यावर येते. यात फार चांगलं यश मिळतं.

तुमच्या बाळाला पोटात उपचारांची गरजच नाही. पोटात त्याला प्राणवायू वारेतून मिळतोय. वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकी आणि दोन रक्तवाहिन्यांना जोडणारी डक्टस नावाची नळी, दोन्ही उघड्या आहेत, त्यामुळे ते मजेत वाढेल. प्रश्न जन्मानंतर सुरू होतो. नाळ कापली की प्राणवायू फुप्फुसांतून घ्यायचा, आणि टीजीएमध्ये फुप्फुसांतून आलेलं शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांतच जातं, अशुद्ध रक्त पुन्हा शरीरात फिरतं. दोन्ही प्रवाह कुठेतरी मिसळले तरच बाळ तगतं. मधल्या पडद्याला छिद्र नसल्याने तुमच्या बाळाची सगळी मदार त्या खिडकीवर आणि नळीवर आहे, आणि दोन्ही मिटायच्या मार्गावर असतात.

म्हणून जन्मल्या जन्मल्या प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावून नळी उघडी ठेवतात. खिडकी लहान असेल तर पायाच्या किंवा नाळेच्या शिरेतून फुगा नेऊन ती मोठी करतात. ही युक्ती १९६६ पासून वापरात आहे. मग साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आर्टेरियल स्विच ऑपरेशन. दोन्ही रक्तवाहिन्या कापून योग्य कप्प्यांना जोडतात, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्याही हलवतात. ब्राझीलमध्ये १९७५ साली ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी झाली, आज भारतात अनेक केंद्रांत नियमित होते. फार उशीर करता येत नाही, कारण डावा कप्पा कमी दाबाच्या फुप्फुसांकडे रक्त ढकलत राहिला की काही आठवड्यांत त्याची ताकद उतरते.

आधी कळल्याने किती फरक पडतो? पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये टीजीएच्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. जन्मानंतर निदान झालेल्या २५० पैकी १५ बाळं शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलीच नाहीत. पोटात असतानाच निदान झालेल्या ६८ पैकी एकही दगावलं नाही.

सिझेरियन केवळ हृदयासाठी लागत नाही. नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं. दिवस मात्र पूर्ण भरू द्या. घाईने ३६-३७ आठवड्यांत बाळ काढलं तर वजन कमी, फुप्फुसं कच्ची, आणि शस्त्रक्रिया अवघड. बाळंतपण अशा ठिकाणी ठरवा जिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि बालहृदयविभाग एकाच आवारात आहेत. उदगीरला नको. आईच्या पोटाहून सुरक्षित ॲम्ब्युलन्स अजून बनलेली नाही.

अश्विन_वाकड
आमच्या मुलीचं स्विच ऑपरेशन झालंय, आता ती धावते, सायकल चालवते, वर्षाला एकदा तपासणी असते. शर्वरी, सर्जनना आधीच भेटा आणि स्पष्ट विचारा: इथे वर्षाला किती नवजात बाळांचं स्विच होतं, रात्री बाळ जन्मलं तर फुग्याची प्रक्रिया करणारे डॉक्टर हजर असतात का, रक्तदाते कधी आणायचे, एकूण अंदाजे खर्च किती. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा कोणाला राग येत नाही. आम्हाला एनआयसीयूही आधीच दाखवला होता, त्यामुळे त्या दिवशी नळ्या आणि मॉनिटर बघून हादरलो नाही.

कृष्णाबाई
पोरी, माझं वय झालंय, औषधातलं मला कळत नाही. माहेरपणाचं सांगते. पहिलटकरणीला आई जवळ हवी, ते खरंच आहे. मग आईलाच पुण्याला आण. माझ्या नातसुनेच्या वेळी आम्ही रुग्णालयाजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या, विहीणबाई आणि मी दोघी तिथे राहिलो. डोहाळजेवण तिथेच केलं. सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांची भीतीही कमी होईल.

शर्वरी_लातूर
कृष्णाबाई, आईशी बोलले, ती येणार आहे. सासूबाईही. डॉक्टर, शेवटचं एक: खोली कधीपासून घ्यावी? आणि बाळाला दूध कसं पाजायचं, ते तर लगेच माझ्यापासून दूर नेणार ना?

स्पंदन_पुणे
पहिलटकरीण आहात आणि लातूर लांब आहे, म्हणून ३६व्या आठवड्यापासून पुण्यात रहा. मध्ये २८ आणि ३४ आठवड्यांच्या आसपास पुन्हा एको करून खिडकी किती उघडी आहे ते बघतील, त्यावरून जन्माच्या वेळी फुग्याची तयारी किती ठेवायची ते ठरतं.

दुधाचं आधी बोलून ठेवलंत हे फार बरं. पहिल्या काही तासांतच हाताने किंवा पंपाने दूध काढायला सुरुवात करा, पहिला चीक थेंबभर आला तरी एनआयसीयूत पाठवा. बाळ स्थिर असेल तर ते नळीने देतात, नसेल तर गोठवून ठेवतात. दर दोन-तीन तासांनी काढत रहा, रात्रीसुद्धा. पंप भाड्याने मिळतो, तो खोलीवर आधीच आणून ठेवा आणि कसा वापरायचा ते तिथल्या सिस्टरकडून शिकून घ्या.