फुलमेटल अल्केमिस्ट: २००३ ची मालिका संपली, आता ब्रदरहूड कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी,

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन बघणाऱ्यांकडून मदत हवी आहे. 'फुलमेटल अल्केमिस्ट'ची २००३ ची मालिका, सगळे ५१ भाग, नुकतीच संपवली. मागोमाग 'कॉन्करर ऑफ शंबाला' हा २००५ चा सिनेमाही पाहिला. किमयागारांच्या जगातून थेट १९२३ चं म्युनिक! मला जाम आवडला. आमच्याकडे हे मत असणारा मी एकटाच.

मामेभाऊ म्हणतो, "तू बघितलंस ते खरं नाहीच, ब्रदरहूड बघ." शोधाशोध केल्यावर कळलं की हिरोमु अराकावा यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २००१ ते २०१० अशी चालली, एकूण २७ खंड. २००३ मध्ये ती अर्ध्यावरही आली नव्हती, म्हणून मालिकेने मध्येच स्वतःची वाट धरली. मग २००९ मध्ये त्याच बोन्स स्टुडिओने मांगाला धरून ६४ भागांची 'ब्रदरहूड' काढली. इथवर ठीक.

पण ब्रदरहूडचे सुरुवातीचे भाग बघताना कंटाळा येतोय. सगळं माहितीचं, त्यात पळवलेलं. नीना आणि तिच्या कुत्र्याचं प्रकरण चौथ्याच भागात उरकून टाकलंय. जुन्या मालिकेत एड-अल हे नायक भाऊ तिच्या घरी राहतात, ती पोर आपल्याही ओळखीची होते, म्हणून पुढचं बघवत नाही. इथे ती आली काय नि गेली काय.

तर ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याच्या मृत्यूपर्यंतचं सगळं सोडून पुढे उडी मारली तर चालेल का? की सरळ मांगाच वाचू? कृपया पुढचं फोडू नका.

प्रतिसाद १

उडी मारू नका. प्रसंग तेच दिसतात, पण पाया वेगळा आहे. होमुनक्युलस, म्हणजे ती कृत्रिम माणसं, कुठून येतात याचं तुम्हाला माहीत असलेलं उत्तर इथे लागू नाही. ते डोक्यात ठेवून मध्येच घुसलात तर पुढे डोकं धराल. पहिल्या भागातला तो बर्फवाला किमयागार तर मांगातही नाही, खास या मालिकेसाठी घातलाय. तो लष्कराबद्दल काय बडबडतो ते मात्र नीट ऐका. ह्यूज दहाव्या भागात जातो, म्हणजे एका रविवारचं काम. सोसा.

प्रतिसाद २

मी 'सोसा' म्हणणार नाही. मांगाचे पहिले चार खंड वाचा आणि ब्रदरहूड अकराव्या भागापासून धरा. नीना दुसऱ्या खंडात आहे, ह्यूज चौथ्यात, आणि वेग अगदी हवा तसा. ह्यूजच्या दफनाच्या वेळी त्याची चिमुरडी विचारते, बाबांवर माती का टाकताय, त्यांना खूप कामं आहेत. मग स्वच्छ आभाळाखाली त्याचा लष्करातला मित्र मस्टँग म्हणतो, पाऊस पडतोय. हे तुम्ही पाहिलं असेलच, तरी कागदावर वाचाच.

व्हिझ या प्रकाशनाची तीन खंड एकत्र असलेली इंग्रजी पुस्तकं मिळतात, पूर्ण संच नऊ पुस्तकांचा. पहिली दोन घेतलीत की चौथा खंड येऊन जातो. जमलं तर पाचवंही घ्या, पंधराव्या खंडासाठी. कथेतलं इश्वल प्रदेशाचं जुनं युद्ध मालिकेने मुख्यतः तिसाव्या भागात कोंबलंय, मांगात त्याला जवळजवळ अख्खा खंड दिलाय. त्यासाठी अराकावा दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांशी बोलल्या होत्या आणि ते पानापानावर जाणवतं. नायकाच्या बाजूची म्हणून आपल्याला आवडलेली माणसं तिथे काय करत होती, हे वाचल्यावर मस्टँग नि त्याची सहकारी हॉकआय यांच्याकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. मात्र पंधरावा खंड ब्रदरहूडच्या तिसाव्या भागापर्यंत पोचल्यावरच उघडा, आधी नको.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. चार खंडांचा मार्ग पटला, पुस्तकं मागवतो. पहिला भाग पुन्हा बघेन, तो बर्फवाला मी अर्धवट लक्ष देऊनच बघितला होता. जाता जाता एक: फुलमेटलचाच तो 'मिलोस'वाला सिनेमा कधी बघायचा?

प्रतिसाद १

२०११ चा आहे, स्वतंत्र गोष्ट आहे. ब्रदरहूड अर्धी झाल्यावर कधीही बघा. मारामारी झकास. नाही बघितलात तरी मूळ कथेचं काही अडत नाही.