बारा लाखांत हॉट हॅच: मजा बघू की भरवसा? घरात गाडी एकच आहे

कर्वेरोडवासी:
मंडळी, हॉट हॅच म्हणजे छोटी पण जोरदार इंजिनाची हॅचबॅक घ्यायची की नाही, यावरून तीन आठवडे डोकं उठलंय म्हणून इथे टाकतोय. राहायला कोथरूड, ऑफिस हिंजवडी फेज २, आठवड्यातले तीन दिवस जावंच लागतं. आत्ता २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल आहे, १ लाख १० हजार किलोमीटर झाले, आजवर रस्त्यात एकदाही थांबली नाही, बॅटरी, टायर आणि एकदा क्लच सोडला तर काही मागितलंही नाही. खरं तर तीच अडचण आहे, ती बिघडेना म्हणून बदलायला कारण सापडेना.
सोसायटीत पार्किंग एकच, त्यामुळे "दुसरी गाडी घे" हा सल्ला कृपया नको. बजेट ऑन रोड १२, फार ताणलं तर साडेबारा. यादी अशी: नवी आय-ट्वेंटी एन लाइन मॅन्युअल, किंवा २०२० नंतरची जुनी पोलो, एक लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाची, ११० पीएसवाली (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, साधारण हॉर्सपॉवर), आणि मनात कॉलेजपासून नाही पण २०१५ पासून बसलेली फियाटची अबार्थ पुंटो. १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क, आली तेव्हा एक्स शोरूम दहा लाखांच्या आत होती आणि त्या पैशात तेवढी ताकद दुसरं कोणी देत नव्हतं. बाबा म्हणतात गाडी पोचवायला असते. बायको म्हणते एकदाचं ठरव आणि जेवायला ये.

ताम्हिणी_रविवार:
भावा यात विचारायचं काय आहे, अबार्थ. डोळे झाकून. सकाळी साडेपाचला चांदणी चौकातून निघायचं, भूगाव-पिरंगुट उजाडायच्या आत मागे टाकायचं, पौडला चहा, आणि मुळशी धरणाच्या कडेने पुढे गेलास की गर्दी यायच्या आधीचा दीड तास फक्त तुझा. त्या रस्त्यावर पुंटोचं स्टिअरिंग हातात धरलं की कळतं, हायड्रॉलिक आहे ते, रस्त्यावरची खडी कुठे संपली ते तळहाताला सांगतं. आजकालची इलेक्ट्रिक स्टिअरिंगं हलकी असतात पण काही बोलत नाहीत. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, जरा उशिरा जागा होतो, मान्य, पण जागा झाला की पुढची चाकं स्टिअरिंग ओढून घेतात आणि आपण एकटेच गाडीत हसत असतो. तुझी स्विफ्ट दहा वर्षांत एकदाही बंद पडली नाही म्हणतोस, बरं, त्या दहा वर्षांतली एक तरी फेरी आठवते का?

हिशोबनीस:
फेरी आठवत नाही हेच चांगल्या गाडीचं लक्षण आहे, साहेब. जी फेरी आठवते ती बहुतेक टो व्हॅनची असते.
आता जरा गणित. वर्षाचे रविवार ५२. जून ते सप्टेंबर ताम्हिणीत धबधब्याखाली सगळं पुणे उभं असतं, तिथे कोण काय चालवणार, म्हणजे १७ गेले. लग्नं, बारशी, मुलांच्या परीक्षा, गणपती, आदल्या रात्रीचं जागरण हे सगळं वजा केलं तर साडेपाचला उठून जायचे रविवार उरतात १०-१२, आणि हे मी उदारपणे धरतोय. समोर ऑफिसचे दिवस बघा, आठवड्याला ३ म्हणजे वर्षाला जवळपास १४०, जाऊन येऊन २८० वेळा वाकडचा पूल. तिथे १४५ पीएस आणि ४५ पीएस एकाच वेगाने उभे असतात. एक्सप्रेसवेवर म्हणाल तर मर्यादा १००, आणि आता कॅमेरे आहेत.
दुसरं म्हणजे फियाटने भारतात गाड्या विकणं बंद करून वर्षं झाली. ज्या रांजणगावच्या कारखान्यातून पुंटो निघायची तिथून आता जीप निघतात. इंजिनाचं किरकोळ सामान मिळेल हो, पण मागून कोणी ठोकलं आणि टेल लॅम्प फुटला की शोधत बसा. घरात एकच गाडी असलेल्या माणसाला हा सल्ला देणं बरोबर नाही.

ताम्हिणी_रविवार:
मजा १४० ला असते असं कोण म्हणालं? मी घाटात साठीच्या वर क्वचित जातो. वळणात शिरताना गाडी काय करते त्यात मजा आहे, काट्यात नाही. आणि बारा रविवारांचं म्हणाल तर माणूस दिवाळी पण वर्षातून एकदाच करतो, म्हणून चकल्या कशाला करायच्या असं कोणी विचारत नाही.

नानापेठ_नट:
चकल्यांवरून आठवलं, तळायला कोणाची तयारी नसते, खायला सगळे. टर्बो गाडीचं तसंच आहे. माझा धंदाच सुट्या भागांचा आहे म्हणून दोन्ही बाजूंना थोडं बोलतो.
अबार्थचं टी-जेट इंजिन मुळात कमजोर नाही. त्यात पेट्रोल इनटेकच्या बाजूने येतं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात. एन लाइन आणि टीएसआय दोन्ही डायरेक्ट इंजेक्शन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर हळूहळू काजळी धरू शकते, विशेषतः गाडी कायम गावातल्या गावात रखडत चालली तर. म्हणजे जुनी ते कटकटीची आणि नवी ते बिनघोर असं सरळ नसतं. पण टी-जेटला टायमिंग बेल्ट आहे आणि तो रबराचा, किलोमीटर कमी असले तरी वयानेही बदलावा लागतो. "फक्त ३० हजार चाललीये" असं कोणी अभिमानाने सांगितलं तर पहिला प्रश्न बेल्ट कधी बदलला हा विचारायचा, समोरचा गप्प झाला तर पैसे कमी करायचे.
पोलोचं मात्र एक बरंय. गाडी २०२२ ला बंद झाली तरी ते एक लिटरचं इंजिन व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाकमध्ये चालूच आहे आणि त्या चाकणलाच बनतात, म्हणजे इंजिनाची काळजी कमी, पत्र्याची जास्त.
आणि कोणतीही घ्या, हिंजवडीला जाणार असाल तर ड्राय क्लचवाला डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नको. त्यात दोन क्लच कोरडे असतात, पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत चाललं की ते घासत राहतात आणि गरम होतात. मॅन्युअलमध्ये पण क्लच जळतो, पण तो आपल्या पायाने जळतो, त्यामुळे निदान दोष कोणाचा हे माहिती असतं.
एक राहिलं, जुनी टर्बो घेताना ती रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली होती का ते बघा. लोक चार वर्षं पिळून घेतात, विकायच्या आधी मूळ सॉफ्टवेअर टाकतात आणि जाहिरातीत लिहितात "लेडी ड्रिव्हन".

सिंहगडरोडची:
वरच्या "लेडी ड्रिव्हन"ला माझा आक्षेप नोंदवून घ्या, मी चालवलेली गाडी कोणी घेऊच नये, मी रेड लाइनपर्यंत नेते 😄
माझा अनुभव सांगते, कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडण नको. टर्बो हॅच होती, चार वर्षांची, सगळी सर्व्हिस वेळेवर. जुलैत संध्याकाळी नवले पुलाच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीने अंगातलं वारं गेल्यासारखं केलं, ॲक्सिलरेटर दाबला तरी चाळिसाच्या वर जाईना. मागे आई आणि पाच वर्षांची मुलगी, उतारावरून कंटेनर येतायत, हॅझर्ड लावून डावीकडे येईपर्यंत माझे हात गार पडले होते. निघालं काय तर एक सेन्सर. साडेसहा हजार रुपये. पण तो यायला १९ दिवस लागले. ते १९ दिवस मुलीची शाळा, आईची फिजिओथेरपी आणि माझं ऑफिस, सगळं रिक्षा आणि कॅबवर, आणि पावसात पुण्यात कॅब मिळणं म्हणजे काय ते सांगायला नको.
म्हणून मला हे "बिघडते की नाही" हे भांडणच पटत नाही. बिघडतात सगळ्याच. बिघडल्यावर किती दिवस दारात नसते ते विचारा. आणि तेवढे दिवस तुमच्या घरी कोणाचं काय अडतं ते लिहून काढा. माझ्याकडे आई आहे, तुमच्याकडे कदाचित कोणी नसेल, मग घ्या की बिनधास्त.

हिशोबनीस:
ताई, अगदी हेच म्हणत होतो मी.

सिंहगडरोडची:
नाही हो, तुम्ही म्हणत होता मजा घेऊच नका. मी ती गाडी विकून त्याच प्रकारची दुसरी घेतलीये, फक्त नवी, वॉरंटीतली, आणि सर्व्हिस सेंटर घरापासून १० मिनिटांवर.

आबा_मॅन्युअल:
वयाने मोठा म्हणून चार शब्द. १९७६ ला पहिली गोल्फ जीटीआय विकायला आली तेव्हा ती ११० पीएसची होती. वजन ८०० किलोच्या थोडं वर. त्यावर जगाने हॉट हॅच हा प्रकार डोक्यावर घेतला. आज तुम्ही मुलं १२० पीएसला कोमट म्हणता. आणि खरीखुरी हवी असेल तर २०२५ ला गोल्फ जीटीआय आपल्याकडे आलीच की, २६५ पीएस, फक्त तेव्हा एक्स शोरूम ५३ लाखांच्या आसपास होती, त्या पैशात पोरं उपनगरात वन बीएचके बघतात.
माझं म्हणणं असं की कर्वेरोडवासींनी आहे ती स्विफ्टच ठेवावी. चार चांगले टायर, नवे शॉक ॲब्सॉर्बर, बुश, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, अलाइनमेंट. जेमतेम ५०-६० हजारात गाडी परत ताठ होईल. हलकी गाडी पूर्ण पिळून चालवण्यात जी मजा आहे ती ताकदवान गाडी अर्धी दाबून चालवण्यात नाही, चार सिलिंडरचा तो आवाज आता नव्या स्विफ्टमध्येपण नाही, तीन सिलिंडर झाले तिचे.

ताम्हिणी_रविवार:
आबा, आदर आहे, पण तुम्ही वरणभाताला बिर्याणी म्हणताय.

आबा_मॅन्युअल:
तूप नीट घातलेलं असेल तर वरणभातच बरा, हे चाळिशीनंतर कळतं.

बाणेर_टर्बो:
एन लाइन दीड वर्ष वापरतोय, सहा गिअरचं मॅन्युअल. खरं सांगू, ताकद १२० पीएस आहे, बरी आहे, अंगावर काटा वगैरे येत नाही. पण सस्पेन्शन साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक आहे, चारही चाकांना डिस्क आहेत, आणि तिसऱ्या गिअरला घाट चढते ते छान वाटतं. कंपनी म्हणते तेवढी स्पोर्टी नाही आणि अबार्थवाले म्हणतात तेवढी मुळमुळीत पण नाही. बाबांना मागच्या सीटवर खड्डे लागतात, विशेषतः सिमेंट रस्ता जिथे डांबराला मिळतो तिथे, दर वेळी "अरे हळू" ऐकावं लागतं आणि मी आधीच हळू असतो. दीड वर्षात बंद पडलेली नाही. टाटाची अल्ट्रोझ रेसरही कुठे मिळाली तर चालवून बघा, तीपण १२० पीएसची आहे, पिंपरीची घरची पोरगी.

हिशोबनीस:
जुन्या गाड्यांबद्दल अजून एक कोणीच बोललं नाही, ते म्हणजे ई-२०. आता पंपावर साधं पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉलच येतं. २०१५-१६ च्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते. लगेच काही होईल असं नाही, पण दहा वर्षं जुन्या टर्बोवर तेपण धरा.

कर्वेरोडवासी:
सगळ्यांना धन्यवाद. काल शनिवारी निगडीला एक अबार्थ बघून आलो, आता शिव्या घाला.
मालक पन्नाशीचे, एकट्याच्याच हातची गाडी. मी मुद्दाम आधी फोन करून सांगितलं होतं की चालू करून ठेवू नका, थंडच बघायचीये. पहिल्या झटक्यात सुरू झाली. बेल्ट बदलल्याचं बिल, तारखेनुसार लावलेली फाइल, रिमॅप नाही. स्पाइन रोडला चालवायला दिली आणि भाऊ, तिसऱ्या गिअरला ती जी उचलते ना, मी मोठ्याने काहीतरी बोललो, शेजारी ते बसलेत हेपण विसरलो. ते म्हणाले सगळ्यांचं असंच होतं.
मग घरी नेलं चहाला. "गाडीबरोबर थोडं सामान पण आहे" म्हणाले आणि दिवाणाची फळी उचलली. आत रजयांच्या जागी क्लच किट, दोन कंट्रोल आर्म, हेडलॅम्पचा खोका, ऑइल फिल्टरची अख्खी रांग, आणि प्रत्येकावर चिकटपट्टीने तारीख. मिळेल तिथून घेऊन ठेवत गेले दरवर्षी थोडं थोडं. त्यांच्या मिसेस ट्रे घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "घेऊन जा हो सगळं, मला पाहुण्यांना पांघरूण काढून द्यायचं म्हटलं की शेजारी जावं लागतं."
येताना स्विफ्टने आलो, नेहमीसारखी, आवाज नाही तक्रार नाही. मंगळवारी एन लाइनची टेस्ट ड्राइव्ह लावलीये, पण निगडीच्या काकांचा नंबर अजून डिलीट केलेला नाही. बाबांना सगळं सांगितलं, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की आपला दिवाण रिकामा आहे का.

नानापेठ_नट:
सहा बाय चारचा असेल तर क्लच किट, दोन आर्म, हेडलॅम्प आणि वर दोन रजया आरामात बसतात. हेडलॅम्प मात्र उभा ठेवायचा.