फुकट उपचारांबद्दल
वर दोघातिघांनी लिहिलंय की अमेरिकेत कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना उपचार फुकट मिळतात आणि भुर्दंड टॅक्स भरणाऱ्यांना. भुर्दंड पडतो हे मान्य, पण फुकट काय मिळतं ते जरा बघा. १९८६ च्या एम्टाला कायद्याने मेडिकेअरचे (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलला इमर्जन्सी रूममध्ये आलेल्या माणसाला तपासून स्थिर करावंच लागतं, बस्स, बिल नंतर येतंच. आणि १९९६ च्या वेल्फेअर कायद्यापासून तर बहुतेक ग्रीन कार्डवाल्यांनासुद्धा पहिली पाच वर्षं मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, नाही (मुलं आणि गरोदर बायकांना बऱ्याच राज्यांत सूट आहे).

इथे कोणी डायलिसिसचं बोललं नाही म्हणून लिहितोय. किडनी गेलेल्या माणसाला साधारण आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं, पण बऱ्याच राज्यांत कागद नसलेल्याला ते फक्त जीवावर बेतल्यावर मिळतं, म्हणजे अंगात पाणी साठून धाप लागेपर्यंत किंवा रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाईपर्यंत घरी थांबायचं, मग इमर्जन्सीत जायचं, डायलिसिस करून घरी, की पुढच्या आठवड्यात परत तेच. हे नियमित डायलिसिसपेक्षा महाग पडतं आणि माणसंही जास्त दगावतात, म्हणजे ज्या टॅक्सच्या पैशाची काळजी आहे तोच जास्त जातोय! कोलोरॅडोने २०१९ मध्ये किडनी निकामी होणं हीच इमर्जन्सी धरली आणि इमर्जन्सी मेडिकेडमधून (कागद नसलेल्यांच्याही इमर्जन्सी उपचारांचा खर्च देणारा मेडिकेडचा भाग) नियमित डायलिसिस सुरू केलं. बाकीच्या राज्यांना हे करायला नवीन कायदासुद्धा लागत नाही, इमर्जन्सी कशाला म्हणायचं ते बऱ्याच अंशी राज्याच्याच हातात आहे.