मदत हवी आहे: बीएस्सी की हातातली नोकरी? (उद्या शेवटची तारीख)

नंदू_मांजलपूर
बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत बीएस्सीला नंबर लागलाय. दुसरीकडे कंपनीत नोकरीही मिळतेय. आई म्हणते डिग्री घे. बाबा म्हणतात, चार वर्षं कॉलेजात घालवण्यापेक्षा चार वर्षांचा अनुभव बरा. जीकासवर (गुजरातचं कॉलेज प्रवेशाचं पोर्टल) उद्यापर्यंत कन्फर्म करायचंय. लवकर सांगा. 'मनाला विचार' वगैरे नको.

रावपुऱ्याचा_अण्णा
कुठली कंपनी, काम काय? बारावीला ए ग्रुप (गणित) की बी (बायोलॉजी)? काही लिहायचं नाही आणि वर घाई!

नंदू_मांजलपूर
बी ग्रुप. नीटमध्ये काही जमलं नाही. कंपनी फार्माची, पादरा गावाकडे. पगार ठीक आहे.

लेथवाला
नोकरी धर. मी बारावीनंतर थेट मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, शिरलो. आज स्वतःचं वर्कशॉप आहे. बीई झालेली पोरं माझ्याकडे येतात आणि ड्रॉइंग उलटं धरतात. हात काळे केल्याशिवाय काही येत नाही.

क्यूसीतली_ताई
दादा, लेथचा हिशोब औषधाला लावू नका. ज्याच्या देखरेखीखाली औषध बनतं त्याची पात्रता 1945च्या औषध नियमांत लिहिलेली आहे. केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन बीएस्सी, आणि पदवीनंतर औषधनिर्मितीतला 3 वर्षांचा अनुभव. पदवीआधी कितीही राबलात तरी ती वर्षं तिथे धरत नाहीत. बीफार्मवाल्याला 18 महिने पुरतात.
आमच्याकडे ग्रॅन्युलेशनला, म्हणजे गोळ्यांची पावडर दाणेदार करायला, एक काका आहेत. पावडर मुठीत दाबतात, बोटाने मोडतात आणि सांगतात, 'अजून ओली आहे, दहा मिनिटं फिरवा.' मशीनवर बघावं तर तेच निघतं. बॅच रेकॉर्डवर सही मात्र त्यांच्या मुलाच्या वयाचा बीएस्सी करतो.

रावपुऱ्याचा_अण्णा
म्हणजे कामाला काका, सहीला साहेब.

लेथवाला
तेच तर दुखणं आहे! सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं ते हाताला हुन्नर यावा म्हणून. सिनेमावाले दादासाहेब फाळके तिथलेच.

रावपुऱ्याचा_अण्णा
तिथे शिकायलाच गेले होते ना ते? मग तुमचा मुद्दा तुम्हीच खोडलात.

विमान_पकडा
कॅनडाचा विचार केलास का? आयईएलटीएसची तयारी आत्तापासून कर.

नंदू_मांजलपूर
काका, माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.

दांडिया_बाजार
एवढा घोळ कशाला? इग्नूतून, म्हणजे मुक्त विद्यापीठातून, बीएस्सी कर. नोकरीही राहील, डिग्रीही होईल.

क्यूसीतली_ताई
सायन्सच्या प्रॅक्टिकलना इग्नूतही हजर राहावं लागतं. शिफ्ट सोडून कोण जाऊ देणार? बीए, बीकॉमला ते जमून जातं. नंदू, अपॉइंटमेंट लेटर कोणाचं आहे?

नंदू_मांजलपूर
लेटर नाही. बाबांच्या ओळखीचे कंत्राटदार आहेत, त्यांच्यातर्फे. पॅकिंगला.

रावपुऱ्याचा_अण्णा
हे आत्ता सांगतोस?

क्यूसीतली_ताई
मग विषय संपला. कंत्राटदाराकडे, लेटरशिवाय, पॅकिंगला. चार वर्षांनी कुठल्या कागदावर अनुभव दाखवणार? निदान पीएफ कापतात का ते विचार. आणि बाबांना सांग, नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष ऑनर्सचं. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला घेतोयस?

नंदू_मांजलपूर
केमिस्ट्री मिळेल बहुतेक. पण मित्रांच्या ग्रुपमधले सगळे मायक्रोबायोलॉजीला चाललेत, म्हणून मीपण तेच म्हणत होतो.

क्यूसीतली_ताई
मायक्रो वाईट नाही. इंजेक्शनच्या प्लांटला मायक्रोवाला लागतोच. पण उत्पादनात वर चढायचं असेल तर केमिस्ट्री घे. मित्र संध्याकाळी सुरसागर तलावावर भेटतीलच की.

लेथवाला
पॅकिंगचं आधी बोलला असतास तर मी वेगळं सांगितलं असतं. सुट्टीत माझ्याकडे ये, मायक्रोमीटर तरी धरायला शिकशील.

दांडिया_बाजार
सुरसागरवरून आठवलं, त्या बाजूला चांगली सेव उसळ सध्या कुठे मिळते?

नंदू_मांजलपूर
बाबांना धागा वाचून दाखवला. त्यांना फक्त लेथवाले काका पटले. आई विचारतेय, ते 18 महिन्यांचं बीफार्म अजून मिळेल का?

क्यूसीतली_ताई
18 महिने अनुभवाचे रे! बीफार्म चार वर्षांचंच असतं. त्याची प्रवेशपरीक्षा, गुजसेट, दिली होतीस का?

नंदू_मांजलपूर
हो. त्यात मार्क चांगले आहेत.

रावपुऱ्याचा_अण्णा
अरे, मग पहिल्याच ओळीत लिहायचं ना! किती आहेत?