बॉक्सिंगमधी उसिकसारखं खेळाचं तं डावखुऱ्या पोट्ट्याले सुरुवात कुठून कराची?

काळी_माती:
तालुक्याच्या सरावातला पोट्टा. वय १६, उंची ५ फूट ११ इंच, वजन ७४ किलो, डावखुरा. युक्रेनच्या बॉक्सर ओलेक्झांडर उसिकच्या लढती पाहून त्याले हेवीवेटमधीच जाचं आहे. घरचे म्हणतेत वर्षभरात ९० च्या वर ने, तिथं पोट्टे कमी राह्यतेत, निवड लवकर होते. उसिक वजन वाढवत गेला तो नेमका कसा, आकड्यानिशी सांगा. आन् त्याच्या पायातलं काय शिकवता येईन? रिंग नाही. जिल्हा परिषद शाळेमागचं मैदान आन् वाळू भरलेली एक बॅग, एवढंच आहे.

डावा_सरळ:
आधी वजन, कारण पोरं तिथंच बिघडतात.

उसिक १९८७ चा, क्रिमियातल्या सिम्फेरोपोलचा. आधी फुटबॉल खेळायचा, बॉक्सिंगला पंधराव्या वर्षी लागला. त्यामुळे तुमच्या मुलाला उशीर झालेला नाही. २००६ च्या युरोपियन स्पर्धेत त्याला ७५ किलो गटात कांस्य मिळालं. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला ९१ किलोत उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीत इटलीच्या क्लेमेंते रूसोकडून हरला. पुढं काय केलं ते बघा: त्याच वर्षी ८१ किलोत खाली येऊन लिव्हरपूलला युरोपियन सुवर्ण घेतलं. नंतर अंग भरल्यावर ९१ मध्ये पक्का झाला. २०११ ला बाकूमध्ये विश्वविजेता, २०१२ ला लंडनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण, अंतिम फेरीत त्याच रूसोला १४-११ ने हरवून.

व्यावसायिक झाला २०१३ मध्ये. पहिली काही वर्षं क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालचा गट, तिथली मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो. २०१८ मध्ये मॉस्कोत गासिएव्हला हरवून चारही जागतिक संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे घेतले, त्यानंतरच हेवीवेट. तिथली वजनं साधारण अशी: ऑक्टोबर २०१९ ला विदरस्पूनविरुद्ध ९७.५ किलो, २०२० ला चिसोराविरुद्ध ९८.५, सप्टेंबर २०२१ ला जोशुआविरुद्ध १००.४, मे २०२४ ला ब्रिटनच्या टायसन फ्युरीविरुद्ध १०१.४, डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या लढतीत १०२.५. पाच वर्षांत पाच किलो, तेही जगातल्या उत्तम तयारीनिशी. पहिल्या लढतीत फ्युरी त्याच्याहून १७ किलोंनी जड होता, तरी हरला.

१६ वर्षांच्या मुलाला वर्षात १६ किलो चढवले तर त्यात चरबीच जास्त असेल. पाय जड होतील आणि दुसऱ्या फेरीत हात खाली येतील. शिवाय ९० च्या वरच्या गटाला वरची मर्यादाच नाही, समोर ११० किलोचा मुलगा येऊ शकतो. सध्या ७५ किंवा ८० मध्ये खेळवा. महिन्याला अर्धा किलोच्या वर वाढ नको. दर पंधरा दिवसांनी सकाळी उपाशीपोटी वजन घ्या आणि त्याच दिवशी तीन मिनिटं दोरीवर उड्या मोजा. वजन वाढून उड्या कमी झाल्या तर खाणं आणि सराव दोन्ही तपासा.

मुरूम_रिंग:
भाऊ, पह्यले ते वाळू काढा. वाळू खाली बसते आन् दगडासारखी घट्ट होते. पोटाच्या उंचीवर ठोसा मारला का मनगट मुडते. शिंप्याकडच्या चिंध्या आणा, बटन-चेन कापून टाका, अर्धा-अर्धा फूट भरून लाकडानं ठासा. ७४ किलोच्या पोट्ट्याले ३५ किलोची बॅग पुरे. वजन कमी भरलं तं दोन-तीन किलो वाळू पिशवीत बांधून कापडात गुंडाळा आन् मधोमध ठेवा, बुडाले नाही. वरून ताडपत्री शिवा, बारदान्यानं ग्लोव्ह खरवडते. हातपट्टी साडेचार मीटरची घ्या, अंगठ्यापासून सुरू करा, मनगटाले तीन वेढे पाह्यजेच.

काळ्या मातीवर पाय शिकवू नका. पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगा पडतेत, घोटा जाते. १६ फूट चौरस जागेत चार इंच मुरूम टाका, पाणी मारा, धुमसानं ठोका, वरचे खडे वेचून काढा. मे महिन्यात सराव सकाळी सातच्या आत उरकाचा.

डावा_सरळ:
आता पाय. समोरचा उजव्या हाताचा असला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात. डावखुऱ्याचा उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर हवा. आत राहिला तर त्याचा सरळ उजवा थेट तोंडावर येतो. मुरमावर चुन्याची रेघ मारा, उजव्या मुलाचा पुढचा पाय रेघेवर, डावखुऱ्यानं दर वेळी रेघेपलीकडे पाय टाकायचा. उजवीकडे जाताना आधी उजवा पाय सरकतो, मागून डावा तेवढाच. मुलं डावा आधी ओढतात, पाय जवळ येतात आणि हलक्या धक्क्यानंही तोल जातो.

उसिकचा पुढचा हात दर वेळी लागण्यासाठी नसतो. तो समोरच्याच्या डाव्या ग्लोव्हला गुंतवून ठेवतो आणि पाय बाहेर पडला की मागचा डावा मधून जातो. फ्युरीविरुद्ध सुरुवातीच्या फेऱ्यांत त्यानं हाच डावा पोटावर खूप वापरला. दोन मिनिटं फक्त पुढच्या हातांची झटापट, ठोसा नाही, अशा चार फेऱ्या रोज घ्या.

काळी_माती:
पोटावर मारताना पोट्टा कमरेतून वाकते, डोकं पुढं येते.

डावा_सरळ:
तिथंच अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, बसतो. त्याच लढतीत चौथ्या ते सातव्या फेरीत फ्युरीनं उसिकला अपरकटनंच त्रास दिला. आठव्या फेरीत उसिकचा डावा फ्युरीच्या नाकावर नीट बसला आणि नवव्यात दोरांवर झुललेल्या फ्युरीला रेफरीनं मोजलं, म्हणजे पडल्यासारखं धरून आकडे मोजले. तुमच्या मुलाला तेवढा वेळ मिळणार नाही, हौशी लढत तीन फेऱ्यांचीच. म्हणून त्याला फ्युरीची नाही, लंडन २०१२ ची लढत दाखवा. आणि छातीच्या उंचीवर आडवी दोरी बांधा. गुडघे वाकवून खालून जायचं, नजर समोर, मग डावा. दोरीला डोकं लागलं की पुन्हा पहिल्यापासून.

मुरूम_रिंग:
दोरी सुतळीचीच बांधा, नायलॉनची मानेले कापते.