गल्ल्यावर बसवणारा शेजारी

अपघातानंतर घरी बसलेल्या माणसाला शेजाऱ्याने पैसे न देता दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं, हा इथे एकाने लिहिलेला किस्सा फार आवडला. "यात कसली दया, फुकटचा नोकर मिळाला," असं त्यावर कुणीतरी म्हटलंय, ते मात्र पटलं नाही.

बाबा आमट्यांनी दुसरं काय केलं? स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर थोडेसे कुष्ठरोगी घेऊन ते आणि साधनाताई राहायला गेले. औषध होतंच, बाबा कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे उपचार शिकून आले होते. पण बरा झालेला माणूस जाणार कुठे? घरचे दारात उभं करत नसत. म्हणून विहीर खणायची, शेती करायची, भिंती बांधायच्या. झडलेल्या बोटांनी. भीक नको, काम द्या, हा बाबांचा हेका होता. (तो काहींना कठोर वाटायचा, वाटो बापडा.)

मला सगळ्यात भारी वाटते ती 1964 ची गोष्ट. त्याच माळावर वसलेल्या आनंदवनात कॉलेज निघालं, आनंद निकेतन. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांनी ते उभारलं, आणि शिकायला आली आसपासच्या गावांतली धडधाकट पोरं! देणारा कोण आणि घेणारा कोण, सगळं उलटंच झालं की.

कायदा मात्र रेंगाळत आला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत आपल्या कायद्यात होतं.

तो गल्ल्यावरचा माणूस आता काय करतो? तेही लिहा ना.